चोपण रानातला नवा बॅक्टेरिया: नोंदी

९ जानेवारी

आज वाळवा तालुक्यात आबांच्या रानात जाऊन माती आणली. नदीकाठचं काळंभोर रान, एकेकाळी उसाचा उतारा चांगला यायचा, आता मधला पट्टा पांढरा पडलाय. कडेचा ऊस पिवळा आणि मधे काहीच नाही. गावात ह्याला मीठ फुटलं म्हणतात. काळ्या जमिनीला निचरा कमी, त्यात वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाट पाणी, मग जमिनीतलं पाणी वर येतं, येताना क्षार घेऊन येतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. कृष्णाकाठानं मिरज, पलूस, वाळवा आणि खाली शिरोळपर्यंत असे पट्टे बघायला मिळतात.

नमुना घेताना वरची पांढरी पापडी बाजूला सारली, मग ५ ते १५ सेंटिमीटर खोलीतली माती, स्पॅच्युला दर वेळी स्पिरिटनं पुसून पेटवून घेतलेला, पिशव्या स्टराइल, लगेच बर्फाच्या डब्यात. पट्ट्याच्या मधली, कडेची आणि बांधाजवळच्या चांगल्या जमिनीची अशी वेगवेगळी घेतली, कारण जो जंतू चांगल्या जमिनीतही तेवढाच मिळतो तो चोपणाचा, म्हणजे सोडियमनं बिघडलेल्या ह्या जमिनीचा, म्हणता येणार नाही.

आबा बांधावर उभं राहून बघत होते. म्हणाले, "पोरी, हितं हरळीबी धड येत न्हाई, तुला काय गावणार?" मी म्हटलं आबा, जिथं हरळी येत नाही तिथं जे जगतंय तेच बघायचंय.

सामू, म्हणजे पीएच, लॅबमध्ये आल्याआल्या मोजला, मधल्या पट्ट्याचा ९.६. म्हणजे हे नुसतं खारवट नाही. खारवट जमिनीत क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असते पण सामू ८.५ च्या आत राहतो, चोपणात सामू ८.५ च्या वर जातो आणि विनिमययुक्त, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या पुढं. जगायला दोन्ही अवघड, पण अवघड वेगवेगळ्या कारणानं, आणि आपल्याला सामू सोसणारे पाहिजेत.

१६ जानेवारी

मीडियम, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य, बनवलं. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, थोडं ग्लुकोज, अगार, ५ टक्के मीठ, १ टक्का सोडियम कार्बोनेट. जपानच्या कोकी होरिकोशी यांनी अल्कलीत वाढणाऱ्या बॅक्टेरियांवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्याच मीडियमवरनं हे बेतलंय. कार्बोनेट वेगळ्या फ्लास्कमध्ये ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबावर निर्जंतुक) करायचं आणि दोन्ही ६० अंशांच्या आसपास उतरल्यावर मिसळायचं. एकत्र घातलं की ग्लुकोज करपतं आणि सगळं तपकिरी होतं. नवीन एमएस्सीच्या पोरांसाठी हे मुद्दाम लिहून ठेवतेय, प्रोटोकॉलच्या कागदावर ही ओळ नाही.

२ फेब्रुवारी

प्लेटा कॉलनींनी, म्हणजे बॅक्टेरियांच्या ठिपक्यांनी, भरल्यात. अपेक्षेपेक्षा खूप जास्त वैविध्य, पांढऱ्या, मलई रंगाच्या, एक नारिंगी, एक पसरणारी जी सगळ्यांवर चढते. परत परत स्ट्रीक करून, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून पसरून, सुट्या कॉलनी वेगळ्या करणं चालू. नावं सध्या चो-१, चो-२ अशी.

मन गुंतलंय ते चो-११ मध्ये. कॉलनी दोन मिलिमीटर, फिकट पिवळसर, कडा गुळगुळीत, मधे जराशी फुगीर, लूप लावला की लोण्यागत निघते, तार येत नाही. ग्रॅमच्या रंगचाचणीत पॉझिटिव्ह, सुईसारखे सरळ रॉड. मॅलाकाइट ग्रीननं रंगवून स्पोर (टणक बीजाणू) बघितले, हिरवे लांबट स्पोर अगदी टोकाला आणि तिथं पेशी फुगलेली, बाकीची पेशी सॅफ्रनिननं गुलाबी. बराच वेळ आय पीसवरनं डोळा निघाला नाही. सामू ८ च्या खाली वाढत नाही, साधारण ९.५ ला सगळ्यात खूश. बांधाजवळच्या चांगल्या मातीच्या प्लेटांवर ह्याच्यासारखी एकही कॉलनी नाही.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, आजच्या आज ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून टिकवायचा साठा) कर, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेव, मग पुढचं. केलं.

२३ फेब्रुवारी

डीएनए काढला, १६ एस आरआरएनएच्या जीनचा (बॅक्टेरियांचं नातं आधी ह्याच जीनवरनं बघतात) पीसीआर केला, नेहमीचे २७ एफ आणि १४९२ आर प्रायमर. जेलवर डीएनएच्या १५०० अक्षरांच्या जवळ स्वच्छ एकेक पट्टी. पुण्याला सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचायला, पाठवलं.

८ मार्च

रिझल्ट आले आणि लॅबमध्ये एकदम दोन पार्ट्या पडल्या.

चो-४ चा एकाच बाजूनं आलेला साधारण ७०० अक्षरांचा तुकडा डेटाबेसमध्ये टाकला तर सगळ्यात जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य ९७.८ टक्के, म्हणजे वरवर बघता नवीन. चो-११ चं पूर्ण सिक्वेन्सवरनं ९८.९. एमएस्सीचा एक पोरगा म्हणाला चो-४ घ्या, चो-११ सोडा. आकडे बघून कुणीही तेच म्हणेल.

मॅडमनी चो-४ चा क्रोमॅटोग्राम, म्हणजे मशिननं काढलेला शिखरांचा आलेख, उघडायला लावला. शेवटच्या दोनशे अक्षरांत शिखरं एकमेकांवर चढलेली, मशिननं अंदाजानं अक्षरं टाकलेली. दुसऱ्या बाजूचा प्रायमर वापरून परत केलं, दोन्ही जोडून साडेचौदाशेच्या आसपास अक्षरं मिळाली आणि साम्य झालं ९९.६. नवेपण खराब टोकात होतं. अर्धवट सिक्वेन्सवर "नवीन प्रजाती सापडली" अशा बातम्या जिल्ह्याच्या पानावर येतात तेव्हा मला नेहमी हे टोक आठवेल.

आता ९८.९ चं काय. पूर्वी ९७ टक्क्यांची रेषा होती, १९९४ पासून सगळे तीच धरायचे, मग २००६ मध्ये ती ९८.७ च्या आसपास वर सरकवली. चो-११ ह्या रेषेच्या वर आहे. पण ही रेषा एकाच दिशेनं काम करते. साम्य तिच्या खाली गेलं तर वेगळी प्रजाती म्हणायला हरकत नाही, वर राहिलं तर एकच प्रजाती असं सिद्ध होत नाही, तेव्हा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, बघायचा. अँथ्रॅक्सचा बॅसिलस, भातातनं उलट्या करणारा सेरियस आणि आपल्या शेतात अळीवर फवारतात तो थुरिंजिएन्सिस, ह्या तिघांचं १६ एस जवळजवळ सारखंच आहे, आणि एक माणूस मारतो तर दुसरा पीक वाचवतो. १६ एस म्हणजे आडनाव समजायचं, घराणं कळतं, माणूस कळत नाही.

ठरलं, चो-११ चा जीनोम करायचा.

३ एप्रिल

खर्चाचं गणित जुळलं, इल्युमिना सिक्वेन्सिंगसाठी डीएनए गेला. ५० पट कव्हरेज (दर अक्षर सरासरी ५० वेळा वाचलेलं) तरी पाहिजे असं २०१८ च्या किमान निकषांत सांगितलंय. त्याच वर्षापासून आयजेसेम, म्हणजे जे जर्नल बॅक्टेरियांच्या नावांचं अधिकृत ठिकाण आहे, नव्या प्रजातीला जीनोम मागतंच. आमच्यासारख्या कॉलेजला ते जड जातं पण मला ते बरोबर वाटतं. १९८७ मध्ये डीएनए-डीएनए हायब्रिडायझेशनची, म्हणजे दोघांचा डीएनए किती जुळतो त्याची, ७० टक्क्यांची रेषा ठरली, तेव्हा दर जोडीसाठी दोन्ही बॅक्टेरिया वाढवा, डीएनए काढा, वितळवा, परत जुळू द्या, आणि एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळेलच असं नाही. जीनोम एकदा केला की जगात कुठंही कुणीही त्याच्याशी आपला ताडून बघू शकतो.

६ मे

उकाडा बेक्कार आणि दुपारी लाइट जाते. इनक्युबेटर जनरेटरवर.

पण जीनोम आला! पहिलं काम, जीनोममधनं १६ एस बाहेर काढून आपल्या जुन्या सिक्वेन्सशी ताडून बघणं. जुळलं, म्हणजे नमुना आपलाच आहे आणि भेसळ नाही. मग सगळ्यात जवळच्या प्रजातीच्या टाइप स्ट्रेनशी (ज्या जिवंत कल्चरला ते नाव लागलंय त्याच्याशी) एएनआय, म्हणजे दोन जीनोमचं सरासरी साम्य, काढला. प्रजातीची सीमा ९५ ते ९६ टक्के धरतात. आमचा आला ८६ च्या थोडा वर. डिजिटल डीडीएच, म्हणजे तेच हायब्रिडायझेशन संगणकावर, ३१, तिथं सीमा ७०. दोन्ही रेषांपासून कितीतरी लांब.

१६ एसच्या आकड्यावर ज्याला सोडून द्यायचं चाललं होतं तो नवीन निघाला. मॅडमनी सगळ्या लॅबला भडंग आणि चहा दिला. लॅबमधल्या मामांनी विचारलं पोरगं का पोरगी, मी म्हटलं मामा, आधी घराण्यात कुठं बसतंय ते बघू द्या.

२० मे

आणि ते घराण्याचं प्रकरण सोपं नाही.

बॅसिलस हे नाव जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७२ मध्ये दिलं. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं रॉड आकार, स्पोर, ऑक्सिजनमध्ये वाढतो, टाका बॅसिलसमध्ये, असं चाललं. जीनोम आल्यावर कळलं की त्या एका डब्यात एकमेकांशी फारसा संबंध नसलेले कितीतरी वंश भरलेत. २०२० मध्ये मोठी वाटणी झाली आणि अल्कली आवडणारे बरेचसे अल्कलीहॅलोबॅसिलसमध्ये गेले. तेवढ्यावर थांबलं नाही. पुण्याच्या एनसीएमआर ह्या सूक्ष्मजीव संग्रह केंद्राच्या लोकांना लोणार सरोवरातनं एक बॅक्टेरिया मिळाला, त्याला अल्कलीहॅलोबॅक्टेरियम एलाँगेटम नाव दिलं आणि त्याच पेपरमध्ये अल्कलीहॅलोबॅसिलसचे आणखी तुकडे पाडून नवीन जीनस (प्रजातींचे गट) केले. त्यातलं एक जीनस शौचेला, पुण्यातले मायक्रोबायोलॉजिस्ट डॉ. योगेश शौचे यांच्या नावानं.

ह्याचं महत्त्व घरात बसून कळतं. लहान पोराला जुलाब झाले की डॉक्टर छोट्या प्लास्टिकच्या कुप्या देतात, एन्टरोजर्मिना, पाच मिलीत दोन अब्ज स्पोर. माझ्या भाचीसाठी आणलेल्या कुपीवर बॅसिलस क्लॉसाय छापलंय. तो बॅसिलस क्लॉसाय आधी अल्कलीहॅलोबॅसिलस क्लॉसाय झाला आणि आता शौचेला क्लॉसाय. दुसरं नाव जर्मन शास्त्रज्ञ डिटर क्लाउस यांचं, ते १९९५ पासून तेच. वर जीनस बदलत गेलं, क्लॉसाय तसंच राहिलं.

मला ह्या गोष्टीनं फार विचार करायला लावला. आम्ही चो-११ ला आज ज्या जीनसमध्ये बसवू ते आणखी दहा वर्षांनी कुणीतरी फोडेल आणि फोडावंच, माहिती वाढली की वाटणी बदलणारच. पण प्रजातीचं दुसरं नाव नियमानं सोबत जातं, फार तर जीनसचं लिंग बदललं तर शेवट बदलतो, एलाँगेटसचं एलाँगेटम होतं तेवढाच फरक. म्हणजे आमच्या हातात जे टिकणारं आहे ते तेवढं एकच नाव आहे. ते घाईनं द्यायचं नाही.

१८ जून

केमोटॅक्सॉनॉमीचं, म्हणजे पेशीतल्या रसायनांवरनं वर्गीकरणाचं, किचकट काम. फॅटी अ‍ॅसिड, क्विनोन, पोलर लिपिड, पेशीभित्तिकेतलं डायअमिनो अ‍ॅसिड. लिपिडची टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणं) दोन दिशांनी धावते, सॉल्व्हंटचा वास कपड्याला लागतो आणि प्लेट फवारून तापवली की डाग हळूहळू वर येतात, कुठला ग्लायसेरॉल आणि कुठला इथेनॉलअमाइन ते स्टँडर्डशी ताडून. क्विनोन एमके-७, ह्या कुटुंबात तेच अपेक्षित.

जवळच्या दोन प्रजातींचे टाइप स्ट्रेन मागवून आमच्याच मीडियमवर, त्याच तापमानाला, एकाच वेळी वाढवले. जुन्या पेपरमधले आकडे उचलून शेजारी लावायचे नाहीत, मीडियम बदललं की फॅटी अ‍ॅसिडचं प्रमाण बदलतं. फरक दिसलेत: आमचा स्टार्च पचवतो, जवळचा पचवत नाही, मिठाची वरची मर्यादा आमची जास्त.

२५ जुलै

पाऊस. कोयनेतनं विसर्ग वाढवलाय, सगळ्या गावाच्या तोंडी आयर्विन पुलाची पातळी. ४० फूट इशारा, ४५ धोका, हे आकडे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा तळमजल्यावरच्या लॅबांचं काय झालं ते इथं सगळ्यांनी बघितलंय.

मामा, मी आणि एमएस्सीची पोरं मिळून फ्रीजर दुसऱ्या मजल्यावर चढवला. जिना अरुंद, पोरांनी खांद्याला दोर लावून ओढला. स्टॉकचा एक डबा मॅडमनी आधीच पुण्याला ओळखीच्या लॅबमध्ये नेऊन ठेवलाय.

हे का, ते नवीन पोरांना सांगताना मलाच नीट उमगलं. झाडाचं नाव वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यावर राहू शकतं. कासच्या सड्यावर डबक्यात फुलणारा वायतुरा, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, त्याचा नमुना हर्बेरियमच्या कपाटात आहे. बॅक्टेरियाचं तसं नाही. तिथं नाव एका जिवंत कल्चरला लागलेलं असतं, त्यालाच टाइप स्ट्रेन म्हणतात, पुढं कुणालाही शंका आली की तोच वाढवून बघायचा. तो मेला की नाव अधांतरी लटकतं, वर्णन वाचून काय ते ओळखा. चांगलं वर्णन लिहिणारे खूप झाले, जिवंत ठेवणारे कमी पडले, म्हणून जुनी कितीतरी नावं आज कशाची होती ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी १९८० मध्ये सगळा हिशोब नव्यानं मांडला, १ जानेवारी १९८० ला मान्यताप्राप्त नावांची यादी लागू केली, यादीत नाही त्या जुन्या नावाला नियमापुढं किंमत नाही. तेव्हापासून आजपर्यंत रीतसर नाव मिळालेल्या प्रजाती वीस हजारांच्या पुढं गेल्यात, मातीच्या एका चमच्यात काय काय असतं ते बघता हे काहीच नाही.

१२ ऑगस्ट

पाणी उतरलं. फ्रीजर वरच राहू दे असं ठरलं.

टाइप स्ट्रेन जमा करायची तयारी. बॅक्टेरियांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला नियम ३० सांगतो की निदान दोन वेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक कल्चर कलेक्शनमध्ये (जिवंत जंतूंच्या संग्रहात) तो असला पाहिजे आणि मागेल त्याला मिळाला पाहिजे, २००१ पासून हे सक्तीचं. आपल्याकडं पुण्याचं एनसीएमआर आणि चंडीगडचं एमटीसीसी आहे. बाहेर जर्मनीचं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम, कोरियाचं केसीटीसी, बेल्जियमचं एलएमजी. आपल्या बाजूनं २००२ चा जैवविविधता कायदा आहे, नवीन प्रजाती सापडली की नेमलेल्या भांडाराला कळवायचं आणि नमुना जमा करायचा, आणि परदेशी काही पाठवायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम.

दोन्ही बाजू मला पटतात आणि म्हणूनच त्रास होतो. आपल्या मातीतला जंतू कुणी न विचारता नेऊन त्यावर पेटंट घेऊ नये, बरोबर. आणि ज्या प्रजातीला नाव द्यायचं ती जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला तपासता आली पाहिजे, हेही बरोबर. ह्या दोन गोष्टी कागदावर जुळवताना भारतातल्या कितीतरी चांगल्या प्रजातींची नावं अडकून पडलीत, पेपर छापून आला पण नाव वैध यादीत नाही. आम्ही कागद आधीपासूनच एकेक करून जमवत आलो म्हणून निदान वाट दिसतेय.

९ सप्टेंबर

परदेशी कलेक्शनला पाठवलेली कुपी तिथं वाढली नाही. कुरिअरनं विमानतळावर पार्सल बरेच दिवस अडकवलं. ह्या वेळी फ्रीज ड्राय केलेली काचेची अँप्यूल पाठवतोय, आणि सोबत मीडियमची कृती मोठ्या अक्षरात, कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करा ही ओळ अधोरेखित करून.

४ ऑक्टोबर

आज नावावर बसलो, आणि दिवसभर दुसरं काही झालं नाही.

पोरांच्या सूचना भरपूर. एकाला महाराजांचं नाव पाहिजे, साताऱ्याचा आहे तो. त्याला सांगितलं की शिवाजीएला इंडिका नावाचा बॅक्टेरिया आहे, पण तो हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. एस. शिवाजी यांच्या सन्मानार्थ. सीसीएमबीवरनंही एक जीनस आहे, सेसेम्बिया, आणि त्यातली सेसेम्बिया लोनारेन्सिस लोणारची. जीनसला ज्यांचा ह्या शास्त्राशी संबंध नाही अशांची नावं देऊ नयेत असं नियमावली सुचवते, प्रजातीच्या नावात लोक थोडी मोकळीक घेतात, विश्वभारतीच्या लोकांनी टागोरांच्या नावानं पॅन्टोइया टॅगोरेई केलंच. पोरगा जरा हिरमुसला पण मी म्हटलं, महाराजांचं नाव डबक्यातल्या मातीत शोधायची गरज नाही, ते आहे तिथं बरं आहे.

दुसरीनं मॅडमचं नाव सुचवलं. त्या लेखकांत आहेत, स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, विषय संपला. बाईच्या नावाला शेवट वेगळा आणि पुरुषाच्या नावाला वेगळा हे मात्र ह्या निमित्तानं सगळ्यांना कळलं.

उरले दोन पर्याय. एक, गुणावरनं, म्हणजे अल्कली आवडणारा, मीठ सोसणारा अशा अर्थाचं लॅटिन. पण ह्या घराण्यातले निम्मे तसेच आहेत, एलपीएसएन ह्या नावांच्या ऑनलाइन यादीत बघितलं तर अशा नावांची रांगच लागलीय. दुसरं, जागेवरनं. गावाच्या नावाला एन्सिस, म्हणजे 'तिथला', लावून. मी दुसऱ्याच्या बाजूनं बोलले आणि जोर लावून बोलले. क्षार फुटलेलं हे रान सरकारी अहवालात हेक्टरमध्ये मोजलं जातं, निचऱ्याचे पाइप, जिप्सम, धैंचा, अनुदान, एवढाच त्याचा उल्लेख. त्या मातीत एक असा जीव आहे जो जगात दुसरीकडं अजून कुणाला मिळालेला नाही, तर त्याच्या नावात ते गाव असू दे, जीनस कितीही वेळा बदललं तरी ते सोबत राहील. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, गावाला विचारलंस का?

नाही विचारलं.

१३ ऑक्टोबर

आबांकडं गेले. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, नाव कसं पडतं, कुठं छापतात. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, काकींनी आतनं चहा आणला. मग आबा म्हणाले, "रोगाच्या किड्याला आमच्या गावाचं नाव लागलं तर? उद्या पाव्हणं म्हणायचं, त्या गावात रोग हाय."

प्रश्न बिनबुडाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ह्याच कारणानं सांगितलं की नवीन रोगांना जागांची नावं देऊ नका. आणि बॅक्टेरियाच्या बाबतीतही नाव माणसांपर्यंत पोचतं हे शास्त्रज्ञांना मान्य करावं लागलंय. प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस हा डीएनएवरनं बघितला तर यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिसचाच एक प्रकार आहे, तसं नावही दिलं गेलं होतं, पण डॉक्टरांचा गोंधळ होऊन माणसं दगावतील म्हणून १९८५ मध्ये ते नाव फेटाळलं आणि पेस्टिस कायम ठेवलं. वर्गीकरण एकीकडं, माणसाचा जीव एकीकडं.

आबांना सांगितलं, हा सामू ८ च्या खाली वाढतच नाही, माणसाच्या रक्ताचा सामू ७.४, जीनोममध्ये विष बनवणारे ओळखीचे जीनही नाहीत. आणि तो मातीतल्या कुजक्या पाल्याचा स्टार्च खाऊन जगतो. ते म्हणाले, "म्हंजी आमच्या त्या पट्ट्यात बी कोण तरी राबतंय." मी म्हटलं हो. मग म्हणाले सरपंचालाबी सांग, उद्या कोणी म्हणायला नको. सरपंचांना सांगितलं, ग्रामसभेत सांगा म्हणाले, तीही तारीख घेतली.

२ नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. सभेला आम्ही मायक्रोस्कोप नेला होता, मंदिराच्या सभामंडपात ठेवला, रांग लागली. पोरांपेक्षा बायकांनी जास्त प्रश्न विचारले: ह्यानं जमीन सुधारंल का, खत होईल का. मी खरं ते सांगितलं, आत्ता तरी माहीत नाही, हा जंतू टाकून चोपण जमीन सुधारते असं काही कुणी सिद्ध केलेलं नाही, जमिनीला निचरा आणि पाणी मोजून देणं हाच उपाय. एका शेतकऱ्याला ते आवडलं नाही, पण नावाला सगळ्यांचा होकार.

नाव इथं लिहीत नाही, पेपर छापून यायच्या आधी ते बाहेर फिरायला नको. लॅटिनचं व्याकरण जाणणाऱ्या एकांकडनं तपासून घेतलं, गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर गाळावं लागलं, नाहीतर उच्चार अडखळतो.

२१ नोव्हेंबर

परदेशातनं मेल आला, अँप्यूल वाढली, शुद्ध आहे, नंबर मिळाला. पुण्याचा नंबर आधीच आहे. दोन देश झाले.

पेपर पाठवला. प्रोटोलॉगमध्ये, म्हणजे नव्या प्रजातीच्या औपचारिक नोंदीत, नावाची व्युत्पत्ती, वर्णन, टाइप स्ट्रेनचे दोन्ही नंबर, १६ एस आणि जीनोमचे अ‍ॅक्सेशन नंबर, माती कुठून आणली त्याचे अक्षांश रेखांश. आभारात आबांचं नाव आणि ग्रामसभेचा उल्लेख, आबांची परवानगी घेऊन.

१७ डिसेंबर

रिव्ह्यूअरचे शेरे आले. एक म्हणतो, एकाच स्ट्रेनवर प्रजाती कशाला, आणखी मिळाले तर प्रजातीतला फरक कळेल. रास्त आहे. शिरोळच्या बाजूला आणि पलूसला अशाच पट्ट्यांतनं माती आणायची ठरवली, गळीत हंगाम चालू आहे, ऊस तुटून रानं मोकळी झालीत, आत जाता येईल. दुसऱ्याला स्पोरचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो स्पष्ट पाहिजे, त्यासाठी वेळ मागितलीय. तिसरा शेरा नावाच्या शेवटाबद्दल, त्याला उत्तर व्याकरणाच्या आधारासकट लिहून ठेवलंय. मॅडम उद्या वाचणार, मग सगळं एकत्र पाठवायचं.